संसद सदस्यांचे वेतन वाढवावे का, आणि ते कोणी ठरवावे?

प्रश्न : एरंडवण्याची वाचक

मार्च 2025 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून संसद सदस्यांचे मासिक वेतन 1 लाख रुपयांवरून 1 लाख 24 हजार रुपये केले आणि ही वाढ 1 एप्रिल 2023 पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू केली. दैनिक भत्ता 2,000 वरून 2,500 रुपये झाला आणि माजी सदस्यांचे किमान निवृत्तिवेतन 25 हजारांवरून 31 हजारांवर गेले. आमच्या भागातील वाचक मंडळात या विषयावर चर्चा झाली तेव्हा जवळजवळ सगळ्यांचे मत एकच होते, ते म्हणजे खासदारांना आहे तेच पुष्कळ आहे, आणखी कशाला द्यायचे.

मी अनेक वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवले आहे, आणि हे मत मला पटकन स्वीकारता येत नाही. सरासरी सतरा-अठरा लाख मतदारांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या, देशाच्या अंदाजपत्रकावर मत देणाऱ्या माणसाचे मूळ वेतन हिंजवडीतील एखाद्या अनुभवी अभियंत्यापेक्षा कमी असावे, यात काहीतरी चुकते आहे असे मला वाटते. चर्चेत मंडळाच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा दाखला दिला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून गोखल्यांनी महिना 75 रुपयांवर अध्यापन केले, आणि पुढे 1902 पासून केंद्रीय कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांनी केलेली भाषणे आजही अभ्यासली जातात. तेव्हा अंगी सेवाभाव असेल तर वेतनाचा प्रश्न येतोच कुठे, असे त्या ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे होते. गोखल्यांविषयी मला नितांत आदर आहे, परंतु गोखल्यांसारखा माणूस शतकात एखादा होतो, आणि लोकसभेच्या जागा 543 आहेत.

म्हणून जाणकारांना माझे विचारणे असे आहे. वेतन वाढवल्याने अधिक लायक माणसे राजकारणात येतील का? भ्रष्टाचार कमी होईल का? आणि आपले वेतन आपणच ठरवण्याची जी पद्धत आहे, तिला काही पर्याय आहे का? कोणत्याही एका पक्षावर घसरू नये, एवढी विनंती.

उत्तर 1 : लेखाशाखा (निवृत्त)

आपण मांडलेल्या आकड्यांत मी थोडी भर घालतो, कारण या विषयावर बोलताना बहुतेक जण एक तर केवळ वेतन मोजतात किंवा सगळे भत्ते वेतनातच धरतात, आणि दोन्हींतून चित्र चुकीचे उभे राहते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 106 नुसार सदस्यांचे वेतन संसदेने कायद्याने ठरवायचे आहे आणि तो कायदा 1954 चा आहे. त्या वर्षी वेतन महिना 400 रुपये होते. 1964 मध्ये 500, 1985 मध्ये 1,000, 1998 मध्ये 4,000, 2001 मध्ये 12,000, 2006 मध्ये 16,000 आणि 2010 मध्ये एकदम 50,000 असा त्याचा प्रवास आहे. 2010 ची वाढ होताना बराच गदारोळ झाला होता. संसदीय समितीने 80,001 रुपयांची शिफारस केली होती, कारण केंद्र सरकारच्या सचिवाचे वेतन तेव्हा 80,000 होते आणि लोकप्रतिनिधीला त्याच्यापेक्षा निदान एक रुपया तरी अधिक मिळावा, असा तो विचार होता. मला तो विचार आजही मानाच्या अंगाने समजतो, हिशेबाच्या अंगाने समजत नाही. आज सचिवाचे मूळ वेतन 2 लाख 25 हजार आहे, म्हणजे ते अंतर पुन्हा बरेच वाढले आहे.

आता वेतनाबाहेरचे पाहू. मतदारसंघ भत्ता महिना 87,000 रुपये आहे. कार्यालयीन खर्चासाठी 75,000 आहेत, त्यांपैकी 50,000 मदतनिसाच्या पगारासाठी आणि उरलेले लेखनसामग्री व टपालासाठी. संसदेच्या कामासाठी हजर राहून नोंदवहीत सही केली की दिवसाला 2,500 रुपये मिळतात. दिल्लीत निवासस्थान, वर्षाला 34 विमानप्रवास, रेल्वेचा वरच्या वर्गाचा मोफत प्रवास, 50,000 युनिट वीज, 4,000 किलोलिटर पाणी आणि वैद्यकीय सुविधा या गोष्टी वेगळ्या. म्हणजे रोख रक्कम महिना पावणेतीन लाखांच्या पुढे जाते. पण त्यातली निम्म्याहून अधिक रक्कम कामासाठी दिलेली आहे, घर चालवण्यासाठी नव्हे. ती खरोखर कामावर खर्च झाली का, हे तपासण्याची सोय पुरेशी नाही, ही माझी खरी तक्रार आहे. मी आयुष्यभर सरकारी देयके तपासली. पावती जोडल्याशिवाय एखाद्या कारकुनाचे प्रवासदेयकही आम्ही मंजूर करत नव्हतो, आणि इथे मतदारसंघ भत्ता दरमहा ठरावीक रक्कम म्हणून खात्यात जमा होतो.

देशाच्या तिजोरीवर बोजा किती, हाही प्रश्न चर्चेत येतोच. दोन्ही सभागृहांच्या मिळून 788 जागा भरलेल्या धरल्या तर निव्वळ वेतनाचा वर्षाचा खर्च 117 कोटी रुपयांच्या आसपास येतो. याच सदस्यांना स्थानिक विकास निधीतून प्रत्येकी वर्षाला 5 कोटींची कामे सुचवता येतात, त्याची बेरीज 3,940 कोटी होते. ज्यांना जनतेच्या पैशाची काळजी आहे त्यांनी आधी त्या दुसऱ्या आकड्याच्या विनियोगाकडे पाहावे असे मला वाटते. वेतन दुप्पट केले तरी देश बुडणार नाही, आणि निम्मे केले तरी तिजोरीत मोजण्याइतकी भर पडणार नाही. एप्रिल 2020 पासून एक वर्ष सदस्यांचे वेतन 30 टक्क्यांनी कापले होते. करोनाच्या काळात ती कृती योग्यच होती, पण तिचे मोल भावनेचे होते.

भ्रष्टाचाराबद्दल मी एकच उदाहरण देतो. डिसेंबर 2005 मध्ये सभागृहात प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल 11 सदस्यांना संसदेतून काढून टाकण्यात आले. त्यांनी स्वीकारलेल्या रकमा काही हजारांपासून लाखभर रुपयांपर्यंतच्या होत्या आणि तेव्हाचे मासिक वेतन 12,000 होते. वेतन अधिक असते तर त्यांनी त्या घेतल्या नसत्या, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पकडले जाण्याची भीती आणि पकडले गेल्यावर होणारी शिक्षा या दोन गोष्टी वेतनापेक्षा अधिक काम करतात, हा माझ्या खात्यातील अनुभव आहे.

उत्तर 2 : आवक-जावक

मी काही वर्षे एका खासदारांच्या जनसंपर्क कार्यालयात काम केले आहे. नाव घेण्याचे कारण नाही. या चर्चेत एक बाजू नेहमी राहून जाते, ती मांडतो.

सकाळी दहाला कार्यालय उघडायच्या आधीच बाकावर माणसे बसलेली असत. मे महिन्यात आणि छठपूजेच्या आधी सर्वांत मोठी रांग रेल्वेच्या तिकिटांची असे. दानापूर किंवा हावडा गाडीचे प्रतीक्षा यादीतील तिकीट घेऊन बांधकामावरचे मजूर येत. त्यांचा पीएनआर क्रमांक, प्रवासाची तारीख आणि डबा लिहून इमर्जन्सी कोट्यासाठी पत्र तयार करायचे, सही घ्यायची, शिक्का मारायचा, जावक नोंदवहीत चढवायचे आणि वेळेत रेल्वेच्या कार्यालयात पोचवायचे. त्यानंतर रुग्णांचे नातेवाईक. पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधीसाठी रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक, तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला आणि खासदारांचे शिफारसपत्र लागत असे. त्यांतला दाखला जुना निघाला तर मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेची तारीख गाठायची कशी, हा प्रश्न घेऊन माणूस आमच्यासमोर उभा असे, आणि मग तहसील कार्यालयातल्या ओळखीच्या माणसाला दूरध्वनी करणे हेच आमचे काम होऊन बसे. केंद्रीय विद्यालयातील प्रवेशासाठी 2022 पर्यंत प्रत्येक खासदाराला वर्षाला दहा शिफारशी करता येत होत्या. त्या दहांसाठी शेकडो अर्ज येत आणि उरलेल्या सगळ्या पालकांची नाराजी पदरी पडे. तो कोटा रद्द झाला तेव्हा कार्यालयातील आम्हा सर्वांना हायसे वाटले. पाणी, कचरा, रस्त्यावरचे खड्डे हे सगळे महापालिकेचे विषय, पण नागरिक ते घेऊन येत आणि आम्ही त्यांना परत पाठवत नसू.

हे सगळे दोन-तीन माणसे करत होती. आज या कामासाठी सरकार 50,000 रुपये देते. पुण्यात एवढ्या रकमेत एक बऱ्यापैकी अनुभवी स्वीय सहायक मिळतो, किंवा दोन नवखे. दिल्लीतही एक माणूस हवाच, कारण अधिवेशनात प्रश्नांच्या सूचना देणे, समितीची कागदपत्रे घेणे, मंत्रालयांत पाठपुरावा करणे हे पुण्यातून होत नाही. मग उरलेल्या माणसांचे पगार कुठून येतात? पक्षाकडून, कार्यकर्त्यांच्या फुकटच्या श्रमांतून, किंवा कोणा हितचिंतकाकडून. तो हितचिंतक बांधकाम व्यावसायिक असेल, संस्थाचालक असेल, कोणीही असेल. त्याने काही मागितले नाही तरी त्याचा दूरध्वनी आला की तो पहिल्यांदा घेतला जातो. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

या सगळ्या धावपळीत ज्या कामासाठी मुळात निवडून दिले, ते कायदे करण्याचे काम कुठे बसते, ते आता पाहा. अधिवेशन चालू असताना विधेयकाची प्रत हाती येई आणि काही दिवसांत त्यावर चर्चा असे. ते विधेयक वाचून, जुन्या कायद्याशी कलमवार ताडून, आपल्या मतदारसंघावर त्याचा काय परिणाम होईल हे टिपण काढून देणारा एकही माणूस आमच्याकडे नव्हता. संसदेच्या ग्रंथालयाची संशोधन सेवा आहे आणि ती चांगली आहे, पण ती मागितली तर मिळते, आणि काय मागायचे हे ठरवायलाही कोणीतरी लागते. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था 2010 पासून तरुण पदवीधरांना वर्षभरासाठी एकेका खासदारासोबत काम करायला पाठवते. असा एक मुलगा आमच्याकडे एका वर्षी आला आणि खासदारांच्या भाषणांचा दर्जा सगळ्यांना जाणवण्याइतका बदलला. आधी शून्य प्रहरात लोहगाव विमानतळाचा विषय निघाला की केवळ मागणी असायची. त्या वर्षी मागणीसोबत जमिनीची स्थिती, संरक्षण खात्याची अट आणि आधीच्या उत्तरांतील विसंगती अशी सगळी मांडणी होती, आणि मंत्र्यांना सविस्तर लेखी उत्तर द्यावे लागले. वर्ष संपले, मुलगा गेला, आणि आम्ही पुन्हा पहिल्या जागी आलो.

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील एका सदस्याला 18 कायम कर्मचारी नेमता येतात. आपल्या खासदाराच्या मतदारसंघात तिथल्या मतदारसंघाच्या दुपटीहून अधिक माणसे राहतात. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. खासदाराच्या वेतनात एक रुपयाही वाढवू नका, पण त्याला किमान चार पगारी माणसे द्या, त्यांतील दोन कायद्याचे व अर्थशास्त्राचे जाणकार असावेत, त्यांचा पगार लोकसभा सचिवालयाने थेट त्यांच्या खात्यात भरावा आणि नातेवाइकांना नेमण्यास बंदी असावी. यावर होणारा खर्च वेतनवाढीपेक्षा जास्त असेल याची मला कल्पना आहे. तरीही तो करावा.

उत्तर 3 : कसब्यातील वकील

वरील उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे, पण "वेतनात एक रुपयाही वाढवू नका" हे मला मान्य नाही, आणि गोखल्यांच्या दाखल्यालाही उत्तर द्यायला हवे.

लोकप्रतिनिधींना वेतन असावे ही मागणी लोकप्रतिनिधींनी केलेली नाही, ती कामगारांनी केली. इंग्लंडमध्ये 1838 च्या सनदेत चार्टिस्ट या कामगार चळवळीतील लोकांनी सहा मागण्या केल्या, त्यांत संसद सदस्यांना वेतन ही एक होती. कारण वेतन नसेल तर ज्याच्याकडे जमीनजुमला आहे तोच संसदेत बसणार, हे त्यांना कळत होते. ती मागणी पूर्ण व्हायला 1911 साल उजाडले, तेव्हा वर्षाला 400 पौंड मंजूर झाले. आपल्याकडे मधू लिमये यांच्यासारखे लोक होऊन गेले. पुण्यात जन्मलेले, फर्ग्युसनमध्ये शिकलेले आणि बिहारमधून लोकसभेवर गेलेले लिमये. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली तेव्हा त्यांनी तुरुंगातून राजीनामा दिला, आणि पुढे माजी खासदाराचे किंवा स्वातंत्र्यसैनिकाचे निवृत्तिवेतन कधी घेतले नाही. तो त्यांचा मोठेपणा होता आणि मला तो फार मोलाचा वाटतो. परंतु कायदा करताना प्रत्येकाकडून त्या मोठेपणाची अपेक्षा धरली, तर परिणाम उलटा होतो. निर्लोभी माणसे थोडीच येतात, आणि ज्यांना वेतनाची गरजच नाही अशी श्रीमंत माणसे सर्व जागा व्यापतात.

ते घडलेलेच आहे. 2024 च्या लोकसभेतील 543 पैकी 504 सदस्यांनी आपल्या प्रतिज्ञापत्रात एक कोटीहून अधिक मालमत्ता दाखवली आहे, हे असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सने प्रतिज्ञापत्रांवरून काढलेले प्रमाण 93 टक्के आहे. पुण्यात कोथरूडला एक जुना फ्लॅट असला तरी माणूस कागदोपत्री कोटीच्या घरात जातो, त्यामुळे नुसत्या या आकड्यावरून मी कोणाला धनदांडगे म्हणणार नाही. पण सरासरी मालमत्ता 46 कोटींची आहे, आणि ती फ्लॅटने होत नाही.

मात्र आपण विचारले आहे की वेतन वाढवल्याने लायक माणसे येतील का. येथे एक साधा हिशेब मांडते. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची कायदेशीर मर्यादा 95 लाख रुपये आहे. 1 लाख 24 हजारांच्या दराने पाच वर्षांचे संपूर्ण वेतन 74 लाख 40 हजार होते. म्हणजे एका निवडणुकीत कायद्याने जेवढा खर्च करता येतो, तेवढेही वेतन पाच वर्षांत मिळत नाही, आणि पक्षाने स्वतः केलेल्या खर्चाला तर मर्यादाच नाही. माझ्या ओळखीत कामगार न्यायालयात वर्षानुवर्षे उत्तम काम करणाऱ्या दोन वकील मैत्रिणी आहेत. दोघींनाही राजकारणात रस आहे, दोघींनाही लोक ओळखतात. त्यांना अडवणारी गोष्ट खासदार झाल्यावरचा पगार ही नाही. उमेदवारी मिळवण्यासाठी आणि प्रचारासाठी लागणारा पैसा, त्या काळात बंद पडणारी वकिली आणि हरल्यावर पुन्हा शून्यापासून सुरुवात, या गोष्टी त्यांना अडवतात. इंद्रजित गुप्ता समितीने 1998 मध्येच उमेदवारांना वस्तुरूपाने अंशतः सरकारी मदत द्यावी असे सुचवले होते. त्या शिफारशीला इतकी वर्षे झाली तरी आपण वेतनावरच बोलत आहोत.

बाहेरच्या अभ्यासांचे निष्कर्षही एका दिशेने जात नाहीत. ब्राझीलमध्ये नगरपरिषद सदस्यांच्या वेतनाची मर्यादा लोकसंख्येच्या टप्प्यांनुसार बदलते. तिथे अधिक वेतनामुळे अधिक शिकलेले उमेदवार आले आणि कामही वाढले, असे आढळले. युरोपीय संसदेत 2009 पर्यंत प्रत्येक सदस्याला आपापल्या देशाच्या संसदेइतके वेतन मिळत असे, ते त्या वर्षी सर्वांना समान झाले आणि काही देशांच्या सदस्यांचे कित्येक पटींनी वाढले. तिथे पुन्हा निवडणूक लढवणारे वाढले, पण सदस्यांच्या शिक्षणाचा दर्जा उंचावला नाही, उलट खाली आला. गावपातळीवर प्रवेशाचा खर्च कमी असतो म्हणून वेतनाचा उपयोग होत असावा, असा माझा तर्क आहे. आपल्या लोकसभेला तो लाभ मिळण्यासाठी प्रवेशाचा खर्च आधी खाली यावा लागेल.

म्हणून माझे मत असे आहे की वेतन वाढवण्यास तत्त्वतः हरकत नाही, ते सचिवाच्या जवळपास असावे, पण त्यासोबत निवडणूक खर्चाची व्यवस्था बदलली नाही तर ती वाढ आहे त्याच माणसांच्या खिशात जाईल.

उत्तर 4 : पर्वती पायथा

पहिल्या लोकसभेच्या पाच वर्षांत 677 बैठका झाल्या. सतराव्या लोकसभेच्या पाच वर्षांत 274 झाल्या. काम निम्म्याहून कमी आणि वेतन दर पाच वर्षांनी आपोआप वाढणार, हे कोणत्या नोकरीत चालते? बैठकीच्या दिवसांनुसार वेतन द्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

उत्तर 5 : डेक्कनचा रहिवासी

उत्तर 4 मधील संताप रास्त आहे, आकडेही बरोबर आहेत, पण सुचवलेला उपाय चुकीच्या माणसाला शिक्षा करतो. अनुच्छेद 85 नुसार अधिवेशन राष्ट्रपती बोलावतात, म्हणजे प्रत्यक्षात मंत्रिमंडळ ठरवते. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर नको, एवढेच घटनेचे बंधन आहे. अधिवेशन लांबवावे असे एखाद्या सामान्य सदस्याला, मग तो सत्ताधारी बाकांवरचा असो की विरोधी, कितीही वाटले तरी ते त्याच्या हातात नाही. बैठकांनुसार वेतन केले तर सरकार बैठका कमी करून सदस्यांचे वेतनही कमी करू शकेल, आणि सरकारला जाब विचारणाऱ्या सदस्याला हा आणखी एक चाप बसेल. वर्षाला किमान इतक्या बैठका झाल्याच पाहिजेत असे कायद्याने बांधून घ्यावे, ही मागणी मला अधिक योग्य वाटते.

पुणेकरांना खासदार नसण्याची किंमत तर प्रत्यक्ष मोजावी लागली आहे. मार्च 2023 मध्ये गिरीश बापट यांचे निधन झाले आणि जून 2024 पर्यंत पुणे शहराची जागा रिकामी राहिली. मतदारांना प्रतिनिधीविना ठेवता येणार नाही, असे सांगून डिसेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोटनिवडणूक घेण्याचा आदेश दिला, पण पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्या काळात काय काय झाले ते आठवून पाहावे. सप्टेंबर 2023 मध्ये महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती झाली. भारतीय दंडसंहितेच्या जागी 358 कलमांची भारतीय न्याय संहिता आली; तिचे सुधारित विधेयक 12 डिसेंबरला लोकसभेत मांडले गेले आणि 20 डिसेंबरला संमत झाले. या दोन्ही वेळी पुणे शहराच्या वतीने लोकसभेत बोलणारे कोणी नव्हते. त्या चौदा महिन्यांत पुण्याच्या खासदाराचे वेतन वाचले, आणि त्या बचतीने आपले काही भले झाले असे कोणी म्हणू शकेल असे मला वाटत नाही.

आठ दिवसांत 358 कलमे, हे वाचल्यावर "आवक-जावक" यांनी मागितलेली चार माणसे मला कमीच वाटतात.

प्रतिसाद : एरंडवण्याची वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जनसंपर्क कार्यालयाचे वर्णन वाचून माझ्या विचारात फरक पडला. वेतन आणि कामाची साधने या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी मंडळात आता नेमकेपणाने मांडू शकेन. पण माझा तिसरा प्रश्न अजून शिल्लक आहे. वाढ आपोआप होणार असे उत्तर 4 मध्ये म्हटले आहे, ते नेमके कसे? आणि इतर देशांत हा निर्णय कोण घेते?

उत्तर 6 : लेखाशाखा (निवृत्त)

2018 पर्यंत प्रत्येक वाढीसाठी संसदेला 1954 च्या कायद्यात दुरुस्ती करावी लागे आणि दर वेळी टीका होई. वित्त कायदा 2018 ने वेतन 1 लाख केले आणि पुढे दर पाच वर्षांनी ते प्राप्तिकर कायद्यातील महागाई निर्देशांकानुसार वाढेल, अशी तरतूद केली. तो निर्देशांक 2018-19 साठी 280 आणि 2023-24 साठी 348 होता. 348 ला 280 ने भागले की 1.24 येतात; 1 लाखाचे 1 लाख 24 हजार झाले ते इथून. 70 हजारांचा मतदारसंघ भत्ता याच गुणकाने 87 हजार झाला, हेही आपण पडताळून पाहू शकता. म्हणजे सदस्यांनी या वेळी स्वतःला मनमानी वाढ दिली, ही टीका खरी नाही. सूत्राने वाढ व्हावी हे मला तत्त्वतः पसंत आहे.

माझा आक्षेप ते सूत्र ज्या रीतीने आले त्याला आहे. ते वित्त विधेयक लोकसभेत 14 मार्च 2018 रोजी गोंधळात, चर्चेविना संमत झाले. आधारभूत रक्कम 50 हजारांवरून 1 लाख का असावी, 80 हजार का नको किंवा दीड लाख का नको, याची कारणमीमांसा सभागृहात झालीच नाही. शिवाय भांडवली नफ्यावरचा कर मोजण्यासाठी बनवलेला निर्देशांक वेतनासाठी का घेतला? सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता ज्या ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो तो हाताशी होता.

ब्रिटनमध्ये सदस्यांच्या खर्चाचे प्रकरण 2009 मध्ये उघडकीस आल्यावर एक स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. आज तेथील सदस्यांचे वेतन ते प्राधिकरण ठरवते, आणि प्रत्येक सदस्याने कार्यालयासाठी काय खर्च केला हे नोंदींसह लोकांसमोर ठेवते. माझ्या दृष्टीने त्यातला दुसरा भाग पहिल्याहून मोलाचा आहे. अमेरिकेच्या घटनेत 1992 मध्ये मंजूर झालेली सत्ताविसावी दुरुस्ती आहे. ती 1789 मध्येच सुचवली गेली होती. तिच्यानुसार सदस्यांच्या वेतनातील कोणताही बदल मध्ये एक निवडणूक झाल्याशिवाय लागू होत नाही, म्हणजे आज मत देणाऱ्याला उद्या स्वतःला लाभ होईलच अशी खात्री नसते.

आपल्याकडे यासाठी घटनादुरुस्तीची गरज दिसत नाही. अनुच्छेद 106 वेतन "कायद्याने" ठरवायला सांगतो, आणि 1954 च्या कायद्यात साध्या बहुमताने दुरुस्ती करून स्वतंत्र आयोग, खर्चाची जाहीर नोंद आणि पुढील लोकसभेपासून अंमल, या तिन्ही गोष्टी आणता येतील. सध्याच्या तरतुदीनुसार पुढची वाढ 1 एप्रिल 2028 रोजी देय आहे. आपल्या मंडळाला पुण्याच्या खासदारांना निवेदन द्यायचे असेल, तर ते त्या तारखेच्या पुरेसे आधी द्यावे. हिशेबाचा तक्ता मी तयार करून देईन, आणि "आवक-जावक" यांनी कार्यालयीन खर्चाचा भाग लिहिला तर निवेदनाला वजन येईल.